कोरडी बुडी

आमच्या शेजारच्या आप्पांकडं चहा प्यायचा असेल तर आधी तीन चेंडू उचलावे लागतात.

चेंडू म्हणजे ते प्लॅस्टिकचं यंत्र हो, करोनाच्या दिवसांत घरोघर आलं होतं. तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक रंगीत चेंडू आणि ओढायला एक वाकडी नळी. साथ ओसरल्यावर लोकांनी ते माळ्यावर टाकलं किंवा पोरांना खेळायला दिलं. आप्पांनी गावभर फिरून त्यातली धड असलेली गोळा केली, गरम पाण्यानं धुतली आणि ओसरीवरच्या फळीवर ओळीनं मांडली. तोंडात धरायचं टोक मात्र प्रत्येक पाहुण्याला नवं. त्या बाबतीत ते फार सोवळे. पाहुणा चपला काढतो न काढतो तोच आतून प्रश्न येतो, "दम हाय का?" पाहुण्याला वाटतं तब्येत विचारली. तो "हाय की" म्हणतो आणि फसतो.

"फुंकायचं न्हाय. वढायचं. उसाचा रस वढल्यावानी."

या परीक्षेतून पोस्टमन सुटला नाही, सरपंच सुटले नाहीत, मतं मागायला आलेले उमेदवार तर मुळीच सुटले नाहीत. समोरच्या घरात मुलगी बघायला पाहुणे आले होते. जागा कमी पडली म्हणून नवरामुलगा आप्पांच्या ओसरीवर टेकला. त्यानं बिचाऱ्यानं दोनच चेंडू उचलले. आप्पा उठून समोरच्या घरात गेले आणि मुलीच्या बापाला म्हणाले, पोरगा सरळ हाय, पण दोन चेंडवाचा हाय, बगा इचार करून. मुलीनं विचार केला आणि लग्न केलं. आता त्यांना दोन मुलं आहेत. जावई सासुरवाडीला आला की आप्पा लांबूनच विचारतात, "काय दोनचेंडू, तिसरा कधी?" प्रश्न चेंडूबद्दल आहे की मुलाबद्दल, हे त्याला अजून कळलेलं नाही.

आप्पांचं पूर्ण नाव सिद्राम, पण त्या नावानं हाक मारणारं आता एकच माणूस या जगात उरलंय. त्या माणसाकडं मी येणारच आहे. आधी आप्पा कोण, ते सांगते.

आप्पा पाणबुडे होते. नौदलात. आता अणदूर हे गाव ज्यांनी बघितलंय त्यांना हे पटायला वेळ लागतो. आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी दिसतं ते टँकरच्या तोटीला. अशा गावातला माणूस समुद्राच्या तळाशी जाऊन पगार घेत होता, याचा आम्हा सगळ्यांना इतका अभिमान आहे की बाहेरचा कुणी आला की खंडोबाच्या देवळानंतर आम्ही त्याला आप्पाच दाखवतो. भरतीच्या वेळी साहेबांनी विचारलं म्हणे, पोहायला कुठं शिकलास. आप्पा म्हणाले, विहिरीत. साहेब म्हणाले, दम किती टिकतो. आप्पा म्हणाले, "आमच्याकडं पाणी इतकं खोल गेलेलं असतंय, उडी मारल्यावर पाणी लागेपर्यंत निम्मा दम संपतो. उरलेल्या निम्म्यात बुडी मारून वर यायचं." साहेबांनी त्यांना तिथंच घेतलं.

शिवाय घर लिंगायताचं. आयुष्य माशांच्या संगतीत काढलं, पण एकाला दात लावला नाही. जहाजावर सगळे मासे खात असताना आप्पा भाकरी आणि शेंगाचटणी खात बसायचे. या गोष्टीचा त्यांना खोल बुडीपेक्षा जास्त अभिमान आहे.

मी लग्न होऊन शेजारी राहायला आले आणि सोलापूरच्या शाळेत नोकरी करू लागले, तेव्हापासून मी आप्पांची 'बाई'. आणि बाई म्हणजे शिकलेली, म्हणजे तिला प्राणवायू समजावून सांगितलाच पाहिजे, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांचं म्हणणं असं की लोक हवा आणि प्राणवायू एकच समजतात, ही सगळी गडबड तिथून सुरू होते.

"बाई, प्राणवायू म्हंजी मीठ," ते सांगायचे. "मीठ नसलं तर कालवण गिळत न्हाय. पर मूठभर घातलं तर? तसंच हाय. साध्या हवेत असतोय तेवढा गोड. निव्वळ प्राणवायू घेतला, आन त्यो बी दाबाखाली, बराच वेळ, तर छातीच्या हाडामागं इंगळ ठेवल्यावानी होतंय. कोरडा खोकला येतो. खोल श्वास घ्यायला गेलं की मधीच अडतंय."

मग ते सांगायचे, बुडी संपल्यावर नौदलाचे डॉक्टर पाणबुड्यांना नळीत फुंकायला लावत. पूर्ण छाती भरायची आणि शेवटच्या कणापर्यंत रिकामी करायची. प्राणवायूचा मारा झालेला असला की फुंक आखडलेली निघायची, चार दिवसांत बहुतेकांची परत पहिल्यासारखी व्हायची. "आन माझी," इथं आप्पा टोपी सरळ करत, "सगळ्यांच्या आधी जागेवर यायची. सायेब म्हणायचे, सिद्राम, ही छाती न्हाय, कोठार हाय."

त्यांचा दुसरा जाच म्हणजे अंगठा. पाण्याखाली अंगठा वर केला की अर्थ होतो, मला वर घ्या. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि बोट जुळवून गोल कडं करायचं. आता गावाच्या मोबाईल ग्रुपवर काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. कुणी "उद्या लाईट जाणार" असं टाकलं की पाठोपाठ शेपन्नास अंगठे येतात. त्या सगळ्यांखाली आप्पांचा एक प्रश्न असतो: "कोण बुडतंय?"

लग्न त्यांनी केलं नाही. का विचारलं तर म्हणतात, मी पाण्याखाली असताना स्थळं येऊन गेली. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. सिद्राम म्हणणारं माणूस ते हेच, आणि तेही पूर्ण नाही, नुसतं 'सिद्रा'. आई लहानपणीच गेली. अक्का लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन परत आली आणि तिनंच या भावाला वाढवलं. भाऊ नोकरीवर गेल्यावर शेत, गाय आणि घर तिनं एकटीनं सांभाळलं. त्यामुळं आप्पांच्या गोष्टी सुरू झाल्या की ती चुलीकडून एवढंच म्हणते, "तू पाण्याखाली हुतास म्हणून शेताला पाणी मला द्यावं लागलं." पण आप्पा नसताना पिठाच्या गिरणीत तीच अक्का ऐकण्यासारखी असते. "माझा सिद्रा समुद्राच्या खाली श्वास घेत हुता. तुमाला हितं गिरणीत तरी घेता येतो का?"

हे सगळं मजेत चाललं होतं. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी अक्काच्या पायात बाभळीचा काटा मोडला.

तिला साखर आहे. काटा लागला हे तिला कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा तिनं हळद लावून वर चिंधी बांधली. आप्पांनी पाय बघितला तेव्हा करंगळी काळी पडली होती. सोलापूरला नेलं, करंगळी काढावी लागली. तरी जखम भरेना. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की रक्त तिथवर नीट पोचत नाही, असंच राहिलं तर पाऊल जाईल. मग म्हणाले, साखर, औषधं, मलमपट्टी हे सगळं चालूच ठेवू, पण जोडीला अजून एक उपचार करून बघू. रुग्णाला एका बंद कक्षात बसवायचं, दाब वाढवायचा आणि मास्कमधून शुद्ध प्राणवायू द्यायचा, म्हणजे तो रक्तात जास्त मुरतो आणि जखमेपर्यंत पोचतो.

मी आप्पांकडं बघितलं. काळजीनं उतरलेला तो चेहरा हळूहळू ताठ होत गेला. इतकी वर्षं ज्या प्राणवायूवर त्यांनी गावाला भाषणं दिली, तो आता अक्काच्या पायासाठी लागणार होता. ते डॉक्टरांना म्हणाले, "किती मीटर खाली नेणार?"

अक्का मात्र तयार होईना. तिनं तो कक्ष लांबून बघितला. पांढरा, आडवा, गोल, बाजूला जाड काचेच्या गोल खिडक्या.

"ह्यो तर टँकर हाय," ती म्हणाली. "मी टँकरात बसणार न्हाय."

आप्पांनी तिला समजावलं की यात पाणी नसतं, नुसता पाण्याखाली असतो तसा दाब असतो. नौदलात याला कोरडी बुडी म्हणत. मला मनात आल्यावाचून राहिलं नाही की आमच्या गावच्या माणसाला शोभेल अशी बुडी हीच, पाण्याशिवायची. शेवटी अक्का एका अटीवर कबूल झाली. सिद्रा आत शेजारी बसेल तर ती बसेल. आप्पा लगेच म्हणाले, "न्हाय तर काय! मीच बसणार."

माझी शाळेची सुट्टी लागली होती, म्हणून मी दोघांबरोबर रोज जायचं ठरवलं. सकाळची बस, दुपारी परत.

पहिल्याच दिवशी तेलावरून अडलं. आत प्राणवायू असतो, त्यामुळं केसाला तेल नको, नायलॉनचं लुगडं नको, मोबाईल नको, काडेपेटी नको. कक्ष चालवणारी रेश्मा नावाची हसऱ्या चेहऱ्याची मुलगी हे सगळं सांगत होती. अक्कानं जन्मात पहिल्यांदा बिनतेलाचे केस बांधले आणि म्हणाली, आता लोकांना वाटंल घरात सुतक हाय. गळ्यातलं लिंग काढणार नाही म्हणाली, तेव्हा डॉक्टरांनी ते सुती फडक्यात गुंडाळून ठेवायला सांगितलं. मग रेश्माची नजर कपाळावरच्या विभूतीवर गेली.

"ती राख हाय," आप्पा मध्ये पडले. "एकदा जळून झालीय. परत काय पेटणार?"

रेश्मानं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर हसले आणि विभूती राहिली.

अक्काची फुंक आतल्या खोलीत मोजून झाली होती. रुग्णाबरोबर आत बसणाऱ्यालाही तपासून घेतात. आप्पांची पाळी आली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि पूर्ण छाती भरून जोरात फुंकायचं. आप्पांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, बाह्या सारल्या आणि बाकांवर बसलेल्या सगळ्या रुग्णांकडं वळून म्हणाले, "बगा." सगळे बघू लागले. आप्पा फुंकले. मध्येच खोकला आला. रेश्मा म्हणाली, होतं असं, परत करू. परत खोकला आला. तिसऱ्यांदा त्यांनी पूर्ण फुंकलं, मान लाल झाली, आणि ते यंत्राकडं न बघता खाली बघत राहिले.

डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं. अक्काच्या तपासण्यांची पिशवी माझ्याकडं होती म्हणून मीही गेले. डॉक्टरांनी दार लोटून घेतलं आणि विचारलं, "काका, आतल्या बारीक श्वासनळ्या अरुंद झाल्यात, हे याआधी कुणी सांगितलं होतं का?"

आप्पांनी माझ्या हातातली टोपी परत घेतली.

"सांगितलं हुतं," ते म्हणाले. "म्हणून तर मला वर काढलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नोकरीच्या मध्यावरच त्यांची फुंक कमी झाली होती आणि ती परत जागेवर आली नव्हती. पाण्यात जायची मनाई झाली. पुढची सगळी नोकरी त्यांनी किनाऱ्यावर, हवा भरायच्या यंत्रापाशी काढली. प्राणवायूनंच झालं का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, एकट्या प्राणवायूवर ढकलता येणार नाही. वर्षानुवर्षांच्या खोल बुड्या, दाट हवा, सगळं मिळून कुणाच्या छातीवर परिणाम होतो, कुणाच्या होत नाही. पण या छातीनं काकांना आत पाठवता येणार नाही. दाब कमी होताना हवा फुगते, ती अडकून राहिली तर जिवावर बेतेल.

मला एकदम जाणवलं की आप्पांच्या इतक्या गोष्टी ऐकल्या, पण शेवटची बुडी कोणती होती, ते त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

"अक्काला सांगू नका," आप्पा म्हणाले. डॉक्टरांना आणि मला, दोघांनाही.

बाहेर आल्यावर ते अक्कापुढं उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आत कुणी बी बसंल. खिडकीवर जाणता माणूस लागतो. मला बाहेरच राहावं लागंल." अक्कानं त्यांच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग उठली. "मंग नीट बस खिडकीवर," ती म्हणाली. "गप्पा हाणत बसू नको."

तेव्हापासून रोज आप्पा त्या गोल खिडकीशी स्टूल टाकून बसू लागले. जाड काचेआड अक्का, तोंडावर मास्क, कपाळावर विभूती. बाहेर आप्पा. बाकी रुग्णांचे नातेवाईक चहाला जायचे, बाजारात जाऊन यायचे, आप्पा हलायचे नाहीत. खुणा त्यांनी अक्काला घरीच शिकवल्या होत्या. तरी पहिल्या दिवशी, आत बरं वाटतंय हे कळवायला, तिनं हसून अंगठा वर केला. आप्पा स्टुलावरून उठून ओरडले, "वर घ्या! वर घ्या तिला!" रेश्मा म्हणाली, काका, आजी हसतायत. अक्का खरंच हसत होती. खूण तिला पक्की ठाऊक होती, असा मला अजून संशय आहे.

दोन-तीन दिवसांनी दाब वाढताना तिनं कान धरला. आप्पा काही बोलायच्या आत रेश्माचा हात झडपेवर गेला होता. "मी बघतीय, काका," ती म्हणाली. आप्पा बसले, पण गप्प बसणं त्यांच्यानं होईना. कान मोकळे करायला जबडा कसा हलवायचा, ते काचेतून दाखवू लागले. इतकं मन लावून दाखवलं की अक्काच काय, आतले सगळे रुग्ण रवंथ केल्यासारखे जबडे हलवू लागले. रेश्मा पाठ फिरवून हसली. कान मात्र मोकळा झाला.

जखमेचा रंग बदलायला लागला. काळपट होती ती लाल दिसू लागली. डॉक्टर म्हणाले, चांगलं लक्षण आहे. आप्पांनी बसमध्ये शेजारच्या माणसाला लाल आणि काळा यातला फरक तुळजापूर फाट्यापर्यंत समजावून सांगितला.

आणि मग अक्का खोकू लागली.

कोरडा, खरखरीत खोकला. पहिल्या दिवशी आप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये ते अक्काचा प्रत्येक खोकला बोटांवर मोजत बसले. वाहकानं नेहमीप्रमाणं "काय आप्पा, दम हाय का?" म्हणून विचारलं, तरी मोजणं सोडलं नाही. दवाखान्यात पोचल्यावर रेश्मा अक्काची चाकाची खुर्ची आत न्यायला आली, तेव्हा आप्पा कक्षाच्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

"आज हिला आत सोडणार न्हाय," ते म्हणाले.

रेश्मानं डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर त्यांना खोलीत चला म्हणाले, पण आप्पा दारातून हलले नाहीत. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"डॉक्टर, म्या हे बघितलंय. आधी असाच खोकला येतो. मंग श्वास घेताना आत खरवडतं. आपल्याला वाटतं, जाईल. लोकांचं गेलं बी. माझं गेलं न्हाय. तुमी म्हणता पाय वाचंल. पर त्या पायानं ही चालणार कशी, दमच उरला न्हाय तर? माझं झालं ते झालं. हिचं मला चालणार न्हाय."

अक्का खुर्चीत, चार हातांवर. तिनं ऐकलं असणारच. पण ती समोरच्या भिंतीकडं बघत होती.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं, आप्पांना बसवलं आणि स्वतः उभे राहून बोलले. म्हणाले, तुमची भीती खोटी नाही, प्राणवायू जास्त झाला की छातीला लागतो, म्हणूनच आम्ही मोजून देतो. तुमचं काम वेगळं होतं, तिथं वेळ आणि दाब कामावर ठरायचा. इथं दाब बेताचा आहे, वेळ ठरलेली आहे आणि मध्येमध्ये मास्क काढून साधी हवा देतो ती याचसाठी, की छातीला विसावा मिळावा. एवढ्यावर सहसा काही होत नाही. पण सहसा म्हणजे नेहमी नव्हे. "तेव्हा आपण फुंक मोजूया," ते म्हणाले. "कमी निघाली तर मीच थांबवतो."

अक्काला यंत्रापुढं आणलं. नाकाला चिमटा लावल्यावर ती रेश्माला म्हणाली, म्हशीला वेसण घालतात तशी घातलीस की. मग फुंकली.

आता हे लक्षात घ्या की या बाईनं सारा जन्म ज्वारीवरची पाखरं ओरडून उठवली आहेत. बांधावर उभी राहून ती गड्याला हाक मारायची, तर पलीकडच्या वस्तीवरचा माणूस "आलो" म्हणायचा. तिनं फुंकलं ते थांबेचना. रेश्मा "अजून, अजून, आजी" म्हणत होती आणि अक्का देत होती. संपल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "झालं का अजून पायजे?"

डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच्या फुंकेशी ताडून बघितलं. रतीभरही कमी नव्हती. छाती ऐकली, साफ होती. मग खोकला कशाचा? डॉक्टरांनी घरी धूर, धूळ काही आहे का विचारलं, तेव्हा अक्का शांतपणे म्हणाली, "ह्या बाईंच्या दारात दोन दिस झालं कडबा कुटायलेत. सगळी धूळ, फसकी माझ्या घरात." खोकला आमच्याच कडबाकुट्टीचा निघाला. मी त्याच दिवशी नवऱ्याला सांगून ते यंत्र मागच्या अंगणात हलवलं, आणि खोकला थांबला.

पण त्याक्षणी दवाखान्यात आप्पांचं खोकल्याकडं लक्षच नव्हतं. ते डॉक्टरांच्या अगदी जवळ गेले.

"माझ्यापेक्षा मोठी हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"काका, वयाच्या मानानं तर आहेच. तशीही तुमच्यापेक्षा मोठी आहे."

मला वाटलं, आता हा माणूस खचणार. ज्यानं आयुष्यभर गावाला आपल्या छातीचं कोठार सांगितलं, त्याला त्याच्या बहिणीनं एका फुंकेत मागं टाकलं होतं. आप्पांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली. आणि बाकावरच्या लोकांकडं वळून म्हणाले, "ही माझी थोरली बहीण."

एवढंच. पण परतीच्या बसमध्ये ती कसर भरून निघाली. वाहकाला सांगितलं, चालकाला सांगितलं, वाटेत चढलेल्या एका अनोळखी जोडप्याला सांगितलं. यंत्रावर मोजलीय, तोंडची गोष्ट न्हाय. नौदलातल्या माणसापेक्षा मोठी फुंक. अणदूरला उतरल्यावर गिरणीपाशी थांबून सांगितलं. बसमध्ये अक्का खिडकीतून बाहेर बघत म्हणत होती, "पुरं की आता." पण पदर सारखा करून बसली होती.

सुट्टी संपत आली तेव्हा जखम मिटली होती. पाऊल राहिलं. डॉक्टरांनी खास चपला करून घ्यायला सांगितल्या, रोज पाय बघायला सांगितलं आणि आता कक्षात यायची गरज नाही म्हणाले. रेश्मानं अक्काच्या पाया पडून निरोप घेतला. अक्का तिला म्हणाली, लग्नाला बोलाव, मी तेल लावून येईन.

आम्ही स्टँडवर आलो. ऊन मरणाचं होतं. कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर दोघं बहीणभाऊ बसले, मी जरा बाजूला पिशव्या सांभाळत. अणदूरची गाडी लागायला वेळ होता. आप्पांनी अक्काला पाणी दिलं, बाटलीचं झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं.

"अक्का," ते म्हणाले, "मला पाण्यातून वर काढलं हुतं. लई वर्षं. मी किनाऱ्यावरच बसत हुतो."

"ठाऊक हाय."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं.

"तिच्याकडं काय बघतोस," अक्का म्हणाली. "सुट्टीला येत हुतास तवा हितनं तितं चाललास का श्वास लागायचा. मी वाढवलंय तुला. मला कुणी सांगाय पायजे का?"

"मंग कधी बोलली न्हाईस."

"तू न्हाय बोललास, मी का बोलू?"

समोर एक गाडी लागली, ती लातूरची होती. माणसं तिच्याकडं धावली. अक्कानं पदरानं वारा घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "खाली भ्या वाटायचं का रं?"

इतक्या वर्षांत आप्पांना गावानं हजार प्रश्न विचारले असतील. किती खोल, किती थंड, शार्क बघितला का. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

"वाटायचं," आप्पा म्हणाले. "लोकांला वाटतं खाली रंगीत मासे असत्यात. बंदरातलं पाणी म्हंजी निव्वळ गाळ, अक्का. डोळ्याम्होरं हात धरला तरी दिसायचा न्हाय. चाचपडत काम करायचं. दुसरं काय बी ऐकू यायचं न्हाय, आपलाच श्वास तेवढा."

"मंग काय करायचास?"

"तुझ्याशी बोलायचो. मनातच. ज्वारी काढली का, गाय व्याली का, असलं."

अक्काचा हात कट्ट्यावर होता, तो सरकत आप्पांच्या गुडघ्यावर येऊन थांबला.

"आन मी काय म्हणायचे?"

"तू लई बोलायचीस. कायम शिव्याच द्यायचीस."

अक्का हसली. आप्पाही हसले, आणि हसताना त्यांना खोकला आला. ती पाठ चोळत राहिली, तो थांबेपर्यंत.

अणदूरची गाडी लागली. गर्दी होती. अक्का उठली, नवीन चप्पल घातलेलं पाऊल जमिनीवर नीट टेकवलं, आणि मी हात द्यायच्या आत गाडीच्या पायऱ्या एकटी चढून गेली. आप्पा पिशवी घेऊन मागून निघाले, आणि दारापाशी येईपर्यंत त्यांना दम लागला. ते दांडा धरून उभे राहिले. मागची माणसं ढकलू लागली. वाहकानं घंटीच्या दोरीला हात घातला.

अक्का दारात परत आली. दोन्ही हात दोन दांड्यांना लावून ती उभी राहिली, आणि तिच्या त्या बांधावरच्या आवाजात, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाली, "थांबा जरा. माझा भाऊ चढतोय."

गाडी थांबली. आप्पा सावकाश चढले.